ढकलण्याआधी समोर जाऊन बघायचं

१

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. माझ्या लायसन्सची शपथ घेऊन सांगतो, आणि ते लायसन्स साधंसुधं नाही. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. म्हणजे भाजक्या रताळ्यांच्या हातगाडीचा एक झाला होता, पण तेव्हा मी नव्हे, हातगाडीच चालत होती.

तर घडली ती एका मंगळवारी. नाही, सोमवारी. मंगळवार आधी आला आणि सोमवार त्याच्या पुढच्या आठवड्यात. पण घडली ती दोन्ही दिवशी, आणि एकदाच. हे वाक्य मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पहिल्या पानावरच उघडे पडलात." तिचं माझ्याविषयीचं मत असं आहे की मी दहा गोष्टी सांगितल्या तर त्यातल्या साडेनऊ खोट्या असतात. उरलेल्या अर्ध्या गोष्टीतली ही.

मी बांग मास्तर. बुछन शहरात बावीस वर्षं बस चालवली. आता ज्यांच्या खिशात लायसन्स आहे पण पोटात गोळा येतो, अशा लोकांना त्यांच्याच गाडीत बसून शिकवतो. ते चालवतात, मी शेजारी. माझ्याकडे एक लोखंडी काठी असते. तिचं टोक त्यांच्या ब्रेकवर आणि मूठ माझ्या हातात. त्या काठीनं किती लग्नं वाचवली याची गणती नाही, कारण नवरे शिकवायला बसले की काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेला वरची दोन पेरं नाहीत. लहान मुलांना मी सांगतो शार्कनं खाल्ली. मोठ्यांना खरं सांगतो: देजॉन शहरात बसच्या दारात गेली, ऐन तारुण्यात. मी हे सांगायला लागलो की बायको मुळ्याचं लोणचं आणायला आत जाते. वाटीत लोणचं असलं तरी जाते.

२

मिरान मला भेटली तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. वय एकोणचाळीस, लायसन्स अकरा वर्षं जुनं आणि कोरं करकरीत. तिनं पहिल्याच दिवशी सगळं मांडून ठेवलं, वाण्याकडे यादी द्यावी तसं.

"मास्तर, माझे मिस्टर जहाजावर इंजिनिअर आहेत. रविवारी जातात, सहा महिन्यांसाठी. आईचं डायलिसिस असतं, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी दहा. आजवर ते नेत होते. व्हीलचेअर बघितली की टॅक्सीवाले 'रिकामी'चा दिवा बंद करून पुढे जातात. पुढच्या सोमवारी मला एकटीला न्यायचंय."

"पाच दिवस आहेत. पुष्कळ झाले."

"चालवता येईल हो, कशीही. लावता येत नाही. लावायची भीती वाटते."

गाडी छोटी होती, नुकतीच जुनी घेतलेली. मागच्या काचेवर तिनं स्वतः लिहून चिकटवलं होतं: 'नवी ड्रायव्हर. तुमच्याइतकीच मीही घाबरलेय.' मी म्हटलं, हे फार चांगलं आहे, फक्त तुम्ही मागच्यांपेक्षा जास्त घाबरलेल्या आहात.

सरावाला आम्ही तिच्याच इमारतीच्या तिसऱ्या तळघरात गेलो. दुपारी दोन वाजता ते रिकामं असतं. वर ऊन असो की पाऊस, खाली तीच एक पिवळसर ट्यूबलाइट आणि हवा ओढणाऱ्या पंख्याची घरघर. आमच्या इमारतींमध्ये जागा कमी आणि गाड्या जास्त. उशिरा घरी येणारा आपली गाडी दुसऱ्याच्या गाडीसमोर आडवी लावून जातो. पण न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून, चाकं सरळ करून, आणि काचेमागे फोन नंबर ठेवून. सकाळी ज्याला निघायचं असेल तो ती ढकलतो, वाट करतो, जातो. कोणी रागवत नाही. रागवतात ते हँडब्रेक ओढून झोपणाऱ्यावर.

"तेच झालं होतं माझं," मिरान म्हणाली. "अकरा वर्षांपूर्वी, तेव्हाची गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात. हँडब्रेक राहिला आणि फोन सायलेंटवर. सकाळी चौघं जण ढकलत होते. एकाच्या मुलीची विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. काचेवर चिठ्ठी होती."

"काय लिहिलं होतं?"

"फक्त मुलीचं नाव."

त्यानंतर तिनं गाडीला हात लावला नव्हता. 

खांबाशेजारची जागा तिच्या फ्लॅटची. तिच्यासमोर आडवी एक पांढरी मोठी गाडी उभी होती, लांबट, जुन्या घाटाची. नाक लिफ्टकडे, शेपूट उताराकडे. काचांना काळी फिल्म. काचेमागे नंबराचं कार्ड होतं, पण आकडे उन्हानं उडून गेल्यासारखे फिके झालेले. एकही वाचता येईना. मी वाकून बराच वेळ बघत राहिलो. मग मनात आलं की ही गाडी तळघरात आहे, ऊन कुठून लागणार? मग वाटलं, आधी कुठे बाहेर उभी असेल. माणसाचं डोकं असं असतं, चहाबरोबर बिस्कीट द्यावं तसं लगेच उत्तर देतं.

"आता पहिला धडा," मी म्हणालो. "दुसऱ्याची गाडी ढकलण्याआधी काय करायचं?"

"नंबरावर फोन?"

"ढकलण्याआधी समोर जाऊन बघायचं. मूल असेल, म्हातारं माणूस वाकून बुटाचा बंद बांधत असेल. गाडी न्यूट्रलमध्ये आहे म्हणजे ती कोणाचीच नाही. एकदा चालायला लागली की तिला ब्रेक तुम्हीच."

आम्ही समोर जाऊन बघितलं. कोणी नव्हतं. मागे येऊन डिकीला हात लावले आणि ढकलली. फार हलकी गेली. मला चांगलं आठवतं, कारण मी विनोद केला होता की इंजिन विकून खाल्लेलं दिसतंय.

मग खांदा पिवळ्या रेषेवर आला की थांबा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा, आरशात शेजारच्या जागेची रेषा दिसली की सरळ करा. नऊ वेळा लावली. सात वेळा मी काठी दाबली.

३

मंगळवारी मी रंगात होतो. एका वऱ्हाडानं भरलेली बस मी बर्फातून, डोंगरावरच्या बौद्ध मठापर्यंत रिव्हर्समध्ये कशी नेली हे मिरानला सांगत होतो. खाली उतरलो तर पांढरी गाडी पुन्हा जाग्यावर, तिच्या जागेसमोर. गोष्ट ऐन वळणावर आली होती, नवरी बसमधून उतरून खाली दगड लावत होती. मी बोलत बोलतच डिकीला हात टेकले. मिरानही हसत येऊन शेजारी उभी राहिली. आम्ही ढकलली.

वीतभर गेली आणि थांबली. आणि परत आली.

जोरात नाही. आतून कोणीतरी दार हलकेच लोटावं, 'जरा थांबा, कपडे बदलतेय' म्हणावं, तशी. माझ्या तळहातांना ती गाडी लागली आणि मला अर्धं पाऊल मागे यावं लागलं.

"पलीकडून कोणीतरी ढकलतंय," मिरान हसून म्हणाली.

"उतार आहे. गटाराकडे थोडा उतार ठेवतात."

"कालचा उतार कुठे गेला मग?"

मी तिच्याकडे बघितलं. अकरा वर्षांनी गाडीला हात लावलेली बाई मोकळी हसत होती, गाल लाल झाले होते. अशा वेळी मास्तरनं गाडीच्या पुढे जाऊन बघणं म्हणजे हार मानणं. चार पावलं होती फक्त. मी गेलो नाही.

"बावीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला उतार शिकवू नका, ताई. चला, एक, दोन, तीन."

जोर लावला. पुढे जाईना. आणि लोखंडासारखी अडलीही नव्हती. ते मला आजही बोटांत कळतं. भिंतीवर ढकललं तर भिंत काही करत नाही. ही गाडी करत होती. आम्ही जोर वाढवला की पलीकडून वाढायचा. थरथर यायची, माणसाचे दंड थरथरतात तशी. कुठूनतरी आंबूस वास आला, तांदळाच्या दारूचा.

"कोणी ओरडलं का?" मिराननं विचारलं.

"पंखा आहे तो."

"नाही, नाव घेतल्यासारखं वाटलं."

"पंख्याला तुमचं नाव माहीत असेल तर चांगलंच आहे. पुन्हा. एक, दोन, तीन."

आम्ही दोघंही हसत होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. शर्यत लागल्यासारखे, गालाला गाल लागेल इतके वाकून, पाय घसरत होते तरी हसत होतो. आणि तिसऱ्या 'तीन'ला ती सुटली. एकदम. आधी पलीकडचा जोर गेला, मग छोटासा हिसका बसला, आणि एक आवाज आला, ताजा मुळा हातानं मोडावा तसा. गाडी तरंगत जाऊन खांबाला टेकली.

मग मात्र मी समोर गेलो. कोणी नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाखाली मूठभर ओल होती, बस. कोणाची तरी बाटली फुटली असेल. चाकाखाली प्लॅस्टिक मोडलं असेल. उत्तरं तयार.

"मग त्या नवरीचं काय झालं?" मिराननं विचारलं.

मला गोष्टीचा शेवट आठवेना.

४

बुधवारी मी कॉफीचा गरम, पत्र्याचा गोल डबा घेऊन अर्धा तास आधीच गेलो. डबा आडवा करून फरशीवर ठेवला, पांढऱ्या गाडीच्या शेपटीशी, पोटाशी, नाकाशी. तो कुठेच घरंगळला नाही. उतार नव्हता.

बॉनेटवर धूळ होती. धुळीत दोन तळहात होते.

ढकलणाऱ्याचे ठसे मी रोज बघतो, सगळ्या गाड्यांच्या डिक्यांवर असतात. बोटं जवळ, हात सैल. हे तसे नव्हते. बोटं फाकलेली, मनगटाकडचा भाग खोल रुतलेला, आणि मागे मागे घसरलेले. डाव्या हाताची पाच बोटं. उजव्या हाताची चार आणि एक अर्धवट, अनामिकेचं खालचं पेर तेवढं. त्याच्या शेजारी गंजाच्या रंगाचा फराटा, वाळलेला.

मी माझा उजवा हात त्यावर ठेवला. बरोबर बसला.

"मास्तर?"

मिरान कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं ठसे बघितले, माझा हात बघितला.

"हे ढकलणाऱ्याचे नाहीत," ती हळूच म्हणाली. "थोपवणाऱ्याचे आहेत. आई बाथरूममध्ये पडायला लागली ना, तेव्हा मी तिला असे हात लावले होते."

मी रुमालानं बॉनेट पुसलं. का पुसलं, सांगता येणार नाही. गंजाचा डाग पुसताना रुमाल तपकिरी झाला, आणि गंज असा रुमालाला लागत नाही हे माझ्यासारख्या माणसाला सांगावं लागू नये.

वर चौकीत प्योदादा बसले होते. सत्तरीचे पहारेकरी, इमारतीइतकेच जुने. मी विचारलं, ती पांढरी गाडी कोणाची?

"कोणाची का असेना. तीन वेळा दंडाचा कागद चिकटवला. खरवडून काढताना नखं जातील असा गोंद असतो तो. दुसऱ्या दिवशी काच स्वच्छ."

"कोणी चालवताना पाहिलंय?"

"ढकलतानाच पाहिलंय. जो तो ढकलतो आणि जातो." त्यांनी माझ्यापुढे उकडलेलं अंडं सरकवलं. "तुम्ही त्या गोष्टी सांगणारे बांग मास्तरच ना? ही तुमच्या गोष्टीत घालू नका. भाडेकरू येत नाहीत मग."

त्या दिवशी मी मिरानला दुसऱ्या तळघरात सराव दिला. कारण सांगितलं की नव्या जागेची सवय हवी. तिनं कारण मानलं, पण उतारावरून जाताना खाली वळून बघितलं.

५

शुक्रवारी तिनं गाडी एका फटक्यात लावली. पहिल्यांदा. दोन्ही बाजूंना बरोबर हातभर जागा, चाकं सरळ. काठी मी मांडीवर आडवी ठेवली होती. तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

"रडू नका, हॉर्न वाजेल," मी म्हणालो.

"मास्तर, मी खरंच लावली?"

"मी तर झोपलो होतो."

वर तिच्या आईला भेटलो. शहात्तर वर्षांच्या, हाडं चिमणीची आणि जीभ कात्रीची. हातावर सुयांच्या गाठी.

"हेच का ते थापाडे?" त्यांनी लेकीला विचारलं. "चांगले दिसतात. थापाडी माणसं चांगलीच दिसतात, तुझे बाबा दिसायचे."

"आई, गप."

"सोमवारी पहिल्यांदा निघायच्या आधी मी चाकांवर दारू घालणार आहे, अपघात टळावा म्हणून. सुकवलेला मासा दोऱ्यात गुंडाळून डिकीत ठेवलाय. नवी गाडी आणि नवी ड्रायव्हर, दोघींचं एकदमच होऊन जाईल."

"कोणती दारू?" मी विचारलं.

"तांदळाची. दुसरी कोणती घालतात?"

मी पटकन बार्लीचा चहा प्यालो आणि जीभ भाजून घेतली. घरी येताना स्वतःला समजावलं: ही दारू प्रत्येक दुकानात मिळते, प्रत्येक नव्या गाडीच्या चाकावर जाते, त्या तळघरात तिचा वास येणं म्हणजे स्वयंपाकघरात लसणाचा वास येणं. खरंच होतं ते. प्रत्येक गोष्ट वेगळी घेतली की अगदी खरी होती.

६

सोमवारी सव्वानऊला फोन वाजला.

"मास्तर, ती गाडी पुन्हा आडवी आहे. मी ढकलून बघितली, हलत नाही. कोणाचा नंबर नाही, प्योदादा चौकीत नाहीत. दहाची वेळ चुकली तर आज मशीन मिळणार नाही. शुक्रवारपासून आईच्या पायांना सूज आहे." ती रडत नव्हती. म्हणूनच मी बूट न बांधता निघालो.

आमचं घर दोन इमारती सोडून. सात मिनिटांत तळघरात होतो.

मिरान आपल्या गाडीत, इंजिन चालू, पट्टा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. शिकवलं होतं तसंच. आणि तिच्या आई व्हीलचेअरमध्ये, खांब आणि त्या पांढऱ्या गाडीचं नाक यांच्यामध्ये. मांडीवर प्लॅस्टिकची बाटली.

"लेकीच्या चारही चाकांना घातली," त्यांनी मला सांगितलं. "थोडी उरली, म्हटलं ही बिचारी शेजारीण, हिलाही देऊ. म्हणजे वाट देईल." पुढच्या डाव्या चाकाखाली मूठभर ओल होती.

मी ती ओल बघितली आणि मला मंगळवारची आठवली.

"आई, इथून बाजूला चला आधी."

मी त्यांच्या आणि गाडीच्या मधे शिरलो, खुर्ची धरायला. तेवढ्यात माझ्या पाठीला बंपर लागला.

वळलो. गाडी येत होती. वीतभर आली होती, आणि येत होती. मी दोन्ही हात बॉनेटवर टाकले आणि मागे रेटली. ती गेली. क्षणभर थांबली. मग पुन्हा आली, जास्त जोरानं.

"मिरान," मी ओरडलो. "खुर्ची ओढ. खुर्ची."

ती पट्टा सोडून धावली. खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावलेले होते. तिनंच लावले होते, काळजी घेऊन, जिथे लावाल तिथे ब्रेक लावा हे मीच शिकवलेलं. एक निघाला, दुसरा अडकला. माझ्या बुटांचे बंद सुटलेले आणि तळवे त्या ओलीवर घसरत होते. मी बोटं फाकून धरली. मनगटं रुतवली.

पुढच्या काचेची फिल्म बाजूच्या काचांइतकी काळी नव्हती. डोकं वर केलं तेव्हा मला आरपार दिसलं.

मागच्या काचेपलीकडे दोन माणसं वाकलेली होती. एक बाई, गाल लाल झालेले. आणि एक पुरुष, डोक्यावर हिरवी टोपी, तोंड उघडं, काहीतरी सांगत होता, रंगात येऊन. मंगळवारी मी हिरवी टोपी घातली होती. सोमवारी नव्हती घातली, घाईत विसरलो होतो.

"थांबा," मी ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो. मग मिरानचं नाव घेतलं, पलीकडच्या मिरानचं. ती क्षणभर थांबली. मान वळवली, ऐकल्यासारखं केलं. टोपीवाल्याकडे बघून काहीतरी विचारलं. तो हसला. तो काय म्हणाला ते मला ऐकू यायची गरज नव्हती.

माझ्या पाठीमागून आजारी म्हातारीचा आवाज आला. घाबरलेला नव्हता तो.

"मास्तर तर तिकडेपण आहेत की. आणि माझी पोरगी बघा कशी हसतेय. किती दिवसांनी हसतेय."

"आई, पाय वर घे," मिरान म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. तिनं बघितलं नाही हे मी देवाचे आभार मानून सांगतो.

काचेपलीकडे टोपी खाली गेली. ओठ हलले. एक. दोन.

दुसरा ब्रेक निघाला. खुर्ची माझ्या पाठीमागून सरकली, चाकाचा दांडा पोटरीला घासून गेला. मी हात सोडले आणि बाजूला उडी घेतली. गाडी तरंगत गेली आणि खांबाला टेकली. तो आवाज आला, मुळ्याचा. कशाचा ते शेवटी सांगतो.

मी उभं राहायला बोटं फाकून दोन्ही हात बॉनेटवर रोवले, आधीचे ठसे पुसत ते मागे घसरले. पलीकडे कोणी नव्हतं.

मिरानची वाट मोकळी झाली होती. तिनं आईला बसवलं, खुर्ची घडी घालून डिकीत त्या सुक्या माशाशेजारी ठेवली, आणि आरसे बघून निघाली. मी मागच्या सीटवर बसलो होतो, हात छातीशी धरून. लोखंडी काठी मी नेलीच नव्हती. दहाला पाच मिनिटं कमी असताना इस्पितळाच्या तळघरात दोन मोठ्या गाड्यांमध्ये एकच जागा रिकामी होती, तीही खांबाला लागून. खांदा रेषेवर. थांबली. स्टिअरिंग पूर्ण. आरशात रेषा. सरळ.

एका फटक्यात लावली.

"बरोबर आहे ना, मास्तर?" तिनं समोर बघतच विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "हँडब्रेक ओढा."

त्यांना मशीन मिळालं. आई अजून आहेत. मला दर सणाला तांदळाचे लाडू पाठवतात, आणि बरोबर निरोप असतो, त्या दुसऱ्या मास्तरांनाही द्या.

७

आता कबुली. बायकोनं अट घातली आहे की यातली खोटी गोष्ट कोणती ते लिहायचं, तरच ती हे शेजाऱ्यांना वाचू देईल.

रिव्हर्समधली बस आणि नवरी, हे अर्थात खोटं. पण ते कोणाला लागत नाही.

दुसरं खोटं म्हणजे देजॉनची बस. बसच्या दारात माझं काही गेलं नाही. बावीस वर्षं मी दोन्ही हात पूर्ण घेऊन बस चालवली, आणि त्या नोव्हेंबरात, सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत, ते पूर्णच होते. मी हात सोडले तेव्हा उजवा वेळेवर सुटला नाही. बंपर आणि खांबाच्या मधे राहिला, एवढंच. मला मागच्या सीटवर बसवून मिराननं माझा हात आईच्या टॉवेलात गुंडाळला होता, आणि इस्पितळात आम्ही दोन वेगवेगळ्या रांगांत उभे राहिलो.

म्हणजे बुधवारी, त्या धुळीतल्या ठशावर मी हात ठेवला तेव्हा तो बरोबर बसला नव्हता. तेही मी खोटंच लिहिलं. तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं. मी मिरानला हात उंच करून दाखवलासुद्धा, बघा ताई, आपला नाही, आणि आम्ही दोघंही हसलो होतो.

माझ्या हाताला एक बोट जास्त होतं.